पुण्यातली येळवस



मार्गशीर्ष अमावस्या.
म्हणजे आपली वेळ अमावस्या, येळवस.
या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते.
शहर ओस पडतं, शिवार भरतं.

पण नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या नव्या जोडप्यांचं काय?
तिथे सुट्टी नाही.
शेत नाही.
पूजेसाठी कडब्याची खोपही नाही.

तरीही येळवस करता येते.
फक्त तयारी आदल्या दिवशी हवी.

आंबील आदल्या रात्रीच करा.
ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, मीठ.
सकाळपर्यंत ती छान आंबते.

भज्जीला, म्हणजे येळवसेच्या मिश्र भाजीला, मात्र माणसं लागतात.
ओला हरभरा, तूर, वाटाणा...
सोलायचं केवढं तरी!
गावी सोलायला घरभर हात.
पुण्यात चारच.
म्हणून शेंगाही आदल्या संध्याकाळी सोलून ठेवा.

आणि भज्जी दोघांपुरती करू नका.
थोडकी भज्जी जमतच नाही, असं माझं ठाम मत आहे.
ओळखीतलं नांदेडचं जोडपं बोलवा.
कोल्हापूरकरांनाही बोलवा, एकदा चाखू द्या!

खोपीऐवजी गॅलरीतल्या कुंडीपाशी पूजेला पाच खडे मांडा.
तेच पाच पांडव.
मग सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावा.
‘भज्जीत बेसन जास्त झालं,’ असं त्या म्हणतीलच.

आणि आंबील...
पुन्हा सांगते, आदल्या रात्रीच.