स्वस्त अँप्लिफायर आणि योग्य हेडफोन

दिवसा संगणकावर खेळ खेळणारा आणि रात्री त्याच संगणकावर गाणे ऐकणारा तरुण आज घरोघर आढळतो. हाती थोडे पैसे साठले की दोन वस्तू विकत घ्याव्यात असे त्याच्या मनात येते : एक हेडफोन व दुसरी त्याला जोडावयाचा अँप्लिफायर. अशा वेळी जाणत्या मित्रांकडून त्याला बहुधा असा सल्ला मिळतो की, अँप्लिफायर आधी घ्यावा, कारण त्यावाचून चांगला हेडफोनसुद्धा मुका राहतो. हा सल्ला कितपत खरा आहे आणि मर्यादित पैसा कोणत्या वस्तूवर खर्च करणे हिताचे आहे, याचा विचार थोडा हिशेब मांडून करावयास हवा.

प्रथम या दोन वस्तूंचे कार्य ध्यानात घेतले पाहिजे. हेडफोनमध्ये लोहचुंबकाच्या क्षेत्रात तारेचे एक वेटोळे असते व त्याला एक पातळ पडदा जोडलेला असतो. वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह वाहू लागला की पडदा कंप पावतो आणि ध्वनी निर्माण होतो. १९१० साली अमेरिकेतील युटा राज्याचे रहिवासी नॅथॅनिएल बाल्डविन यांनी आपल्या घरी तयार केलेले हेडफोन त्या देशाच्या नौदलाने घेतले, ते संदेश ऐकण्यासाठी. संगीतासाठी दोन कानांचा स्टीरिओ हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये पुढे आणला, आणि १९६८ मध्ये जर्मनीतील सेनहायझर कंपनीने पाठ उघडी असलेला, वजनाने हलका हेडफोन विक्रीस काढला. अँप्लिफायरचे काम याहून साधे आहे. मूळ विद्युत्लहरींचा आकार न बिघडवता त्यांना पडदा हलविण्याइतके बळ द्यावयाचे, एवढेच ते काम. आपल्या पदरचे काहीही न घालणारा अँप्लिफायर हाच उत्तम होय.

हे बळ किती लागते, ते हेडफोनबरोबर येणाऱ्या कागदावरील दोन आकड्यांवरून काढता येते. पहिला आकडा विद्युत्प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा असून तो ओहममध्ये मोजतात. दुसरा आकडा संवेदनक्षमतेचा. एक मिलिवॅट शक्ती दिली असता हेडफोन किती डेसिबेल आवाज देतो, ते यावरून कळते. बायरडायनॅमिक कंपनीच्या डीटी ९९० प्रो या हेडफोनचे उदाहरण घेता येईल. त्याच्या एका प्रकाराचा विरोध २५० ओहम असून संवेदनक्षमता ९६ डेसिबेल आहे. २५० ओहमच्या वेटोळ्यात एक मिलिवॅट शक्ती खर्ची पडावयास अर्धा व्होल्ट दाब पुरतो. दाब दुप्पट केला की शक्ती चौपट होते व आवाज ६ डेसिबेलने चढतो. म्हणजे एक व्होल्ट देणाऱ्या साध्या खोबणीतूनही हा ‘जड’ समजला जाणारा हेडफोन १०२ डेसिबेलपर्यंत जातो. गाण्याची सरासरी पातळी ८० डेसिबेल ठेवली, तर त्यातील आघातांचे क्षण बहुधा ९५ ते १०० डेसिबेलपर्यंत पोचतात. यास्तव बेताच्या आवाजात ऐकणाऱ्याला येथे निराळ्या अँप्लिफायरची गरज भासू नये. ३२ ओहमच्या हेडफोनला तर एक व्होल्टमधून ३१ मिलिवॅट शक्ती मिळते व ती पुरून उरते.

याचा अर्थ अँप्लिफायर सर्वथा निरुपयोगी आहे असा मात्र नव्हे. तीन प्रसंगी तो खरोखर उपयोगी पडतो. पहिला प्रसंग असा की, ध्वनिमुद्रणच मंद पातळीवर केलेले असते, किंवा श्रोता संगणकात स्वरांचा समतोल बदलतो व त्यासाठी मूळ पातळी सहा-आठ डेसिबेल खाली आणावी लागते. तेव्हा बळाची शिल्लक हाताशी असलेली बरी. दुसरा प्रसंग अँप्लिफायरच्या स्वतःच्या अंतर्गत विरोधाचा. हेडफोनचा विरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. पुष्कळ हेडफोनांत तो खर्जाच्या एका भागात बराच वाढतो. अशा हेडफोनमागे मोठ्या अंतर्गत विरोधाची खोबण आली की खर्ज फुगतो आणि गाणे घुमल्यासारखे वाटते. यावर एक सोपा नियम रूढ आहे : खोबणीचा विरोध हेडफोनच्या विरोधाच्या एकअष्टमांशाहून अधिक नसावा. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ही मर्यादा ४ ओहम होते. तिसरा प्रसंग खरखरीचा. संगणकाच्या पोटातील यंत्रभागांची गुणगुण कधी कधी त्याच्या खोबणीतून कानापर्यंत येते. यूएसबीने जोडावयाची लहानशी बाहेरची डबी घेतली की हा उपद्रव बहुतेक थांबतो. आकडी संकेतांचे विद्युत्लहरींत रूपांतर करणारा भाग आणि अँप्लिफायर हे दोन्ही तिच्यात एकत्र असतात.

अशा डबीसाठी फार मोठी रक्कम मोजावी लागत नाही, हे गेल्या काही वर्षांत सिद्ध झाले आहे. २०११ साली एका अज्ञात अभियंत्याने टोपणनावाने ‘ओ-टू’ नावाच्या अँप्लिफायरचा संपूर्ण आराखडा मोजमापांसह जगापुढे ठेवला. नेटक्या आखणीचा स्वस्त अँप्लिफायर किमती यंत्रांच्या तोडीचा असू शकतो, हे त्याला दाखवावयाचे होते. पुढे २०१२ मध्ये शिट कंपनीचा मॅग्नी आणि २०१८ मध्ये जेडीएस लॅब्सचा ॲटम हे दोन अँप्लिफायर प्रत्येकी ९९ डॉलर किमतीला बाजारात आले, आणि त्या अज्ञात अभियंत्याचे म्हणणे व्यवहारातही उतरले. यापुढे अँप्लिफायरवर खर्च होणारा पैसा बहुधा दर्शनी रूपावर व न लागणाऱ्या शक्तीवर खर्च होतो.

हेडफोनची गोष्ट निराळी. दोन चांगल्या अँप्लिफायरांतील भेद कानाला क्वचितच कळतो, पण दोन हेडफोनांतील भेद प्रथम श्रवणीच कळतो. तेव्हा पैशाचा मोठा वाटा येथेच पडावा हे उघड आहे. तथापि अधिक किंमत म्हणजे अधिक गुण असा हिशेब येथेही चालत नाही. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली, तेव्हा स्वरांचा समतोल आणि किंमत यांत काही संबंध आढळला नाही. हारमन कंपनीतील शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांच्या श्रवणपरीक्षांतून असेही दिसून आले की, बहुसंख्य श्रोत्यांची आवड एका विशिष्ट समतोलाच्या आसपासच असते. यास्तव ग्राहकाने किमतीची पट्टी पाहण्याआधी मोजमापांचा आलेख पाहावा. डोक्यावरचा दाब, कानाच्या गाद्या आणि वजन हेही तपासावे, कारण जो हेडफोन तासाभरात टोचू लागतो तो कितीही सुस्वर असला तरी खुंटीवरच राहतो.

खेळासाठी मुख्य प्रश्न दिशेचा. शत्रूची पावले डावीकडून वाजली की मागून, हे कळले पाहिजे. मनुष्याला दिशा कशी कळते याचे विवेचन लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केले होते. ध्वनी एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो, आणि हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. शिवाय डोक्याच्या आडोशाने पलीकडच्या कानाला तो मंद ऐकू येतो. खेळातील दिशा संगणक याच तत्त्वांवर गणिताने घडवितो. त्यासाठी दोन चांगले पडदे पुरतात. खोक्यावर छापलेल्या सात-आठ वाहिन्यांच्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही. मात्र ही गणिती प्रक्रिया एकदाच व्हावी. खेळात ती चालू असताना बाहेरून दुसरी लावली की दिशा धूसर होते. बिनतारी ब्लूटूथ हेडफोनमध्ये ध्वनी पुष्कळदा इतका मागे राहतो की गोळी आधी दिसते आणि आवाज मागाहून येतो. म्हणून खेळासाठी तारेचा हेडफोन बरा. मायक्रोफोन वेगळा घेतला की हेडफोनची निवड मोकळेपणाने करता येते. उघड्या पाठीचा हेडफोन ऐसपैस वाटतो, पण त्यातील आवाज खोलीभर जातो. घरात इतर माणसे अभ्यास करीत असतील किंवा झोपली असतील, तर बंद पाठीचा घेणेच शहाणपणाचे.

संगीतासाठी परीक्षा घ्यावयाची ती परिचयाच्या गाण्यानेच घ्यावी. तानपुऱ्याच्या चार तारा निरनिराळ्या ऐकू याव्यात, डग्ग्याचा घुमारा गायकाच्या शब्दांवर चढू नये, आणि शब्दांतील ‘स’ व ‘श’ कानाला बोचू नयेत. एवढे जमले तर हेडफोन कामाचा आहे. जुन्या बैठका व नाट्यपदे ऐकणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्यापूर्वीच्या तबकड्यांत स्वरांचा पट्टाच अरुंद आहे. जे तबकडीत उतरलेच नाही, ते कोणताही अँप्लिफायर बाहेर काढू शकत नाही.

शेवटी कानांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबेल अशी आहे. आवाज ३ डेसिबेलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबेलला आठवड्याचे अवघे ५ तास उरतात. खेळाच्या भरात रोज दोन-तीन तास हेडफोन कानांवर ठेवणाऱ्याची ही शिदोरी दोन दिवसांत संपते. शक्तिमान अँप्लिफायरची कळ फिरविताना हा धोका सहज विसरला जातो, आणि आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून तरुणाने प्रथम योग्य हेडफोन घ्यावा व तो आपल्या साध्या खोबणीलाच जोडून महिनाभर ऐकावा. बेताच्या पातळीवर आवाज अपुरा पडला, खर्ज फुगला किंवा खरखर आली, तरच स्वस्तातली डबी आणावी. यांपैकी काहीच उणे वाटले नाही, तर ते पैसे गाठीस ठेवावेत.