दोनदा भरलेलं बिल

घरात कुणाचं दुखणं बळावलं की आधी विचार होतो, सिव्हिलला न्यायचं की प्रायव्हेटला? बोलणं आजाराचं चाललेलं असतं, पण मनात पैशांची जुळवाजुळव सुरू झालेली असते.

2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, बाळंतपणं वगळून, रुग्णालयात दाखल झालेल्यांचा खर्च विचारला गेला. देशभरातली सरासरी सरकारी रुग्णालयात 4,452 रुपये निघाली आणि खाजगीत 31,845 रुपये, म्हणजे जवळपास सातपट. गाडीभाडं, नातेवाइकांचं खाणंपिणं आणि बुडालेली मजुरी यांत धरलेली नाही.

खाजगीत इमारत, यंत्रं, परिचारिकांचे पगार असं सगळं रुग्णाच्याच बिलातून निघतं, हे मान्य. सिव्हिलमध्ये हा खर्च आपण करांतून आधीच भरलेला असतो. म्हणूनच तिथे ‘बाहेरून आणा’ म्हणून औषधांची चिठ्ठी हातात ठेवली जाते तेव्हा मला फार वाईट वाटतं. ज्या औषधाचे पैसे एकदा दिले, त्याचेच पुन्हा मेडिकलच्या काउंटरवर मोजायचे! आणि हे मोजतो कोण, तर ज्याला प्रायव्हेट मुळीच परवडत नाही तो. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच आहे. पण केसपेपर फुकट मिळाला आणि औषधाचं कपाट रिकामं असलं, तर त्या मोफतीचा रुग्णाला काय उपयोग?

खाजगीतला प्रश्न निराळा आहे. तिथे काय मिळणार ते कळतं, कितीला मिळणार ते कळत नाही. हृदयाच्या स्टेंटचं बघा. औषधी लेप असलेल्या ज्या स्टेंटवर लाख-सव्वा लाखाची किंमत छापलेली असायची, त्याला फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने 29,600 रुपयांची कमाल मर्यादा घातली. स्टेंट तोच होता. मग वरचे पैसे कशाचे होते? छातीत कळ आलेला माणूस चार दुकानं फिरून भाव करू शकत नाही, त्याच्या त्या अगतिकतेचे. मे 2020 मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, राज्य सरकारने खाजगी खाटांचे दर ठरवून दिले. व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाचे दिवसाला 9,000 रुपये. दर बांधता येतात, हे तेव्हा सिद्ध झालं.

दरपत्रक दर्शनी भागात लावणं 2021 च्या नियमांनुसार राज्यातल्या खाजगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. डिपॉझिट भरण्याआधी ते मागा, अंदाजी खर्च लिहून घ्या. त्यात भीड कसली? धर्मादाय रुग्णालय असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात, त्यांचीही चौकशी करा. आणि सिव्हिलमध्ये बाहेरची चिठ्ठी मिळाली, तर औषध साठ्यात का नाही, हे वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.