घाटातल्या सालीपासून रुग्णाच्या शिरेपर्यंत

‘कर्करोगावर नवे औषध’ अशी बातमी छापून आली, की दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिचे कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जाते. ‘हे आमच्या आईला मिळेल का?’ एवढाच त्याचा प्रश्न असतो. बहुतेक वेळा ‘अजून नाही’ असे उत्तर मिळते. या ‘अजून’मध्ये काय काय दडलेले असते, ते एका औषधाच्या निमित्ताने सांगतो. औषधाचे नाव फ्लॅवोपिरिडॉल, आणि त्याचा जन्म मुंबईतल्या संशोधनातून झाला.

डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम नावाचा एक वृक्ष पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलात वाढतो. तो कडुनिंबाच्या कुळातला. होएक्स्ट कंपनीच्या मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या सालीतून रोहितुकीन हे द्रव्य वेगळे केले आणि १९८८ साली ते प्रसिद्ध केले. गंमत अशी, की त्यांना त्यात दिसला तो दाह कमी करण्याचा गुण. कर्करोग तेव्हा चित्रात नव्हता.

पुढे रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूत फेरफार केले. एका जागचा मिथाइल गट काढून तिथे क्लोरीन असलेले एक कडे बसवले, आणि फ्लॅवोपिरिडॉल तयार झाले. त्याचे रेणुभार अवघे ४०२. आजकाल गाजणारी प्रतिपिंडांची औषधे दीड लाखाच्या घरात असतात. छोटा रेणू पेशीच्या आत शिरू शकतो, हाच त्याचा फायदा.

आत शिरून तो काय करतो? पेशीचे विभाजन पुढे ढकलणारी सीडीके नावाची विकरे असतात. हे पेशीचक्र उलगडणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना २००१ साली नोबेल मिळाले. फ्लॅवोपिरिडॉल ही विकरे अडवते. त्यातले एक, सीडीके-९, अडले की ज्या अल्पायुषी प्रथिनांच्या जोरावर कर्कपेशी तग धरते, त्यांचा पुरवठाच बंद पडतो. या जातीचे माणसांवर तपासले गेलेले हे पहिले औषध. १९९०च्या दशकात अमेरिकेत चाचण्या सुरू झाल्या तेव्हा अपेक्षा मोठ्या होत्या.

आणि तिथेच घोडे अडले. सलग ७२ तास शिरेतून औषध दिले, तर रुग्णांना जुलाब असह्य होत आणि गाठी मात्र फारशा हलत नसत. कारण पुढे कळले. प्रयोगशाळेत पेशी वासराच्या रक्तद्रवात वाढवतात. माणसाच्या रक्तातली प्रथिने या औषधाला त्याहून कितीतरी घट्ट धरून ठेवतात. काचेच्या बशीत पुरेशी ठरलेली मात्रा शरीरात अपुरी पडत होती.

मग ओहायोतल्या डॉक्टरांनी वेळापत्रक बदलले. काही मात्रा अर्ध्या तासात, उरलेली चार तासांत. २००७ साली त्यांनी जुनाट लिम्फोसायटिक रक्तकर्करोगाच्या ४२ रुग्णांचा अहवाल दिला. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या या रुग्णांपैकी १९ जणांचा आजार लक्षणीय उतरला. पण आता उलटेच संकट. कर्कपेशी इतक्या झपाट्याने मरत, की त्यांतून बाहेर पडलेल्या क्षारांचा भार मूत्रपिंडांना पेलेना. काहींना डायलिसिस करावे लागले. औषध चालते, हाच त्याचा धोका झाला!

२००८ साली जपानी संशोधकांनी संधिवात झालेल्या उंदरांवर ते वापरले आणि सांध्यांची सूज आटोक्यात आली. म्हणजे फिरून गाडी दाहावरच आली. मात्र उंदीर तो उंदीर.

आजतागायत फ्लॅवोपिरिडॉलला बाजाराचा परवाना मिळालेला नाही. त्याच वाटेने, पण निवडक विकरांवरच नेम धरणारे पाल्बोसिक्लिब मात्र २०१५ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले, आणि आता ते आपल्याकडेही मिळते.

झाडाविषयीही एक शब्द. साल ओरबाडली की झाड जगत नाही. बंगळुरूच्या संशोधकांना २०१२ साली याच झाडात राहणारी एक बुरशी सापडली, जी स्वतःच रोहितुकीन तयार करते. आणि कुणी ही साल उकळून प्यायचा सल्ला दिला, तर कृपा करून ऐकू नका. शिरेतून मोजून दिलेल्या मात्रेतही डॉक्टरांना रात्र रात्र जागावे लागले आहे.