टुरिस्ट व्हिसा कामाचा नाही



हल्ली बैठकीत एक प्रश्न येतो. "ताई, दुबईला घरकामाला बोलावतायत. एजंट म्हणतो, आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे बदलून देऊ. जावं का?"

फिरायला किंवा लेकीच्या बाळंतपणाला जाणार असाल, तर टुरिस्ट व्हिसा बरोबर. दुबईसाठी तो 30 किंवा 60 दिवसांचा मिळतो. किती दिवस राहायचंय ते आधी मोजा आणि तेवढ्या मुदतीचा घ्या. मुदत उलटली की रोजचा दंड चढत जातो.

पण त्या व्हिसावर काम करणं तिथे बेकायदेशीर आहे. मालकाने पगार बुडवला तरी बाई तक्रार करायला घाबरते, कारण कायद्यापुढे तीच चुकीची ठरते.

कामाला जायचं तर वर्क व्हिसाच हवा. दहावी झाली नसेल तर साधारणपणे पासपोर्ट ईसीआर असतो. अशा बाईला आखातात नोकरीला जायला 30 वर्षं पूर्ण लागतात, शिवाय सरकारची परवानगी लागते. ही तपासणी चुकवायलाच काही एजंट टुरिस्ट व्हिसा पुढे करतात.

एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. त्याला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही.

म्हणून गटातून कर्ज उचलून एजंटच्या हातात देण्याआधी व्हिसाचा कागद बैठकीत आणा. सगळ्या मिळून वाचू.