संगणक-जाळ्याचे शास्त्र मुळापासून शिका

(विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आज ज्यांचा गौरव झाला त्यांपैकी बरेच जण संगणक शाखेत पदवीचे शिक्षण घेत आहेत, ही अभिमानाची बाब आहे. त्यांच्या अभ्यासक्रमात 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' हा विषय असतो. टीसीपी, आयपी, डीएनएस, एचटीटीपी अशा आद्याक्षरांनी भरलेला हा विषय पुष्कळांना रुक्ष वाटतो. मग परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचायचे, सात थरांची नावे पाठ करायची, पास व्हायचे आणि पुढे एखाद्या क्लासमध्ये जाऊन ठरावीक कंपनीच्या यंत्राच्या कमांड शिकायच्या, असा शिरस्ता पडला आहे. कमांड शिकण्यात गैर काही नाही. पोटासाठी ते करावेच लागते. पण यंत्र बदलले की कमांड बदलते. ज्याने फक्त कमांड पाठ केल्या तो यंत्राबरोबर जुना होतो. ज्याला तत्त्व कळले तो नवे यंत्र चार दिवसांत शिकतो. आपली मुले पहिल्या प्रकारात अडकू नयेत, एवढेच मला आज सांगायचे आहे.

इंटरनेट म्हणजे नेमके काय? राजा मिलिंद आणि भदन्त नागसेन यांचा संवाद आपणा सर्वांना ठाऊक आहे. नागसेनांनी राजाला विचारले की, महाराज, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी राजाला 'नाही' म्हणावे लागले. हे सारे भाग एकमेकांशी विशिष्ट रीतीने जोडले गेले म्हणजे त्याला रथ हे नाव मिळते. इंटरनेटचेही तसेच आहे. समुद्राखालची केबल म्हणजे इंटरनेट नव्हे, मोबाइलचा टॉवर नव्हे, राउटरही नव्हे. ही सारी यंत्रे ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, त्या नियमांमुळे त्यांचे इंटरनेट होते. या नियमांनाच प्रोटोकॉल म्हणतात.

या नियमांची वाटणी थरांमध्ये केलेली आहे. आयपी हा थर फक्त पत्ता पाहतो आणि माहितीचे पाकीट, म्हणजे पॅकेट, पुढे ढकलतो. ते पोचेलच अशी हमी तो देत नाही. हमी देण्याचे काम वरचा टीसीपी करतो. तो माहितीला क्रमांक देतो, पलीकडून पोच मागतो आणि पोच आली नाही तर तोच भाग पुन्हा पाठवतो. खालची तार तांब्याची आहे की काचेची, याची वरच्या थराला फिकीर नसते. म्हणूनच तारा बदलल्या, वायरलेस आले, तरी वरची रचना टिकून राहिली.

आपल्या देशातले उदाहरण घ्या. १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात ५ आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची एनसीएसटी अशा संस्था होत्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळचे मोडेम केव्हाच भंगारात गेले. पण त्या काळी ज्याने टीसीपी नीट समजून घेतला, त्याचे ते ज्ञान आजही कामास येते.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट हे जाळे उभे राहत होते. त्याचे नियम ठरवण्याच्या कामात विद्यापीठांतील विद्यार्थी होते. स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने एप्रिल १९६९ मध्ये पहिले टिपण लिहिले. हा वरून आलेला हुकूम आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून या टिपणांना 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे अभिप्रायाची विनंती, असे नाव दिले गेले. त्यालाच आरएफसी म्हणतात. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला पहिला संदेश पाठवताना 'लॉगिन' या शब्दातली एल आणि ओ ही दोनच अक्षरे गेली आणि यंत्रणा बंद पडली. काही वेळाने ती दुरुस्त करून काम पुढे चालू झाले. आज आरएफसींची संख्या ९,००० च्या वर गेली आहे आणि त्या कोणालाही फुकट वाचता येतात.

बंधू-भगिनींनो, ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या विद्येच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्याने या गोष्टीचे मोल ओळखले पाहिजे. या शास्त्राचे मूळ ग्रंथ कुलपात नाहीत. वाचणाऱ्याची जात तेथे कोणी विचारत नाही, फी कोणी मागत नाही. दार उघडे असताना आपण गाइडवर समाधान मानायचे काय?

याच शास्त्रातली दुसरी घटना ऐका. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेची प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. जाळ्यात गर्दी झाली, पोच येईना, म्हणून प्रत्येक संगणक तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवू लागला आणि गर्दी आणखी वाढली. व्हॅन जेकबसन यांनी याचे कारण शोधले आणि १९८८ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. उपाय असा : सुरुवात हळू करायची, पोच येत जाईल तसा वेग वाढवायचा, पॅकेट हरवले की कोंडी झाली असे समजून आपला वेग लगेच कमी करायचा. येथे वर कोणी शिपाई उभा नाही. प्रत्येकाने स्वतःला आवरले म्हणून सर्वांचा रस्ता मोकळा झाला. शीलाचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको.

मग अभ्यास कसा करावा? पुस्तकात छापले आहे किंवा सर सांगतात एवढ्यावरून काही मानू नये. तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश येथेही लागू आहे. वायरशार्क नावाची मोफत संगणक प्रणाली मिळते. ती आपल्या संगणकावर चालवा, एखादे संकेतस्थळ उघडा आणि डीएनएसने पत्ता कसा शोधला, टीसीपीने तीन पावलांत जोडणी कशी केली, हे स्वतः पाहा. मात्र दुसऱ्याची माहिती परवानगीशिवाय पाहू नका. न दिलेले घेऊ नये, हे आपण पंचशीलात रोज म्हणतो.

गणिते हाताने सोडवा. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो. म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. ते पुरेनात, म्हणून १२८ बिटांची सहावी आवृत्ती आली. एका प्रयोगशाळेत ५० संगणक असतील तर त्यांच्यासाठी किती बिट ठेवावे? ५ बिटांचे ३२ पत्ते, ते अपुरे. ६ बिटांचे ६४, त्यांतले २ राखीव, उरले ६२. इतके सोपे गणित आहे. पण ते स्वतः केल्याशिवाय मुलाखतीत सुचत नाही.

शिकवणारे चांगले नाहीत, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. ती खरीही असेल. पण एनपीटीईएलवर खरगपूर आयआयटीच्या प्राध्यापकांची याच विषयावरील व्याख्याने मोफत आहेत. इंग्रजी अडते, तर चार जणांनी मिळून ऐका आणि एकमेकांना मराठीत समजावून सांगा. जे मराठीत समजावता येत नाही ते अजून कळलेले नाही, असे समजा.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. विहाराच्या एका खोलीत तीन-चार जुने संगणक, एक स्विच आणि थोडी केबल एवढे जमवा. रविवारी दोन तास अभ्यासवर्ग चालवा. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवावे. मुलींनी मागे बसू नये. ज्यांना नोकऱ्या लागल्या आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. बाबासाहेबांनी आपल्याला 'शिका' हा पहिला मंत्र दिला. शिका म्हणजे मुळापासून शिका, हा त्याचा अर्थ प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!