प्रश्न घेऊन ग्रंथालयात जा



जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. ज्या कट्टा गावात बॅ. नाथ पै यांच्या नावाने सेवांगण उभे आहे, तिथे वाचनाचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको. म्हणून आज एकाच विषयाला हात घालतो. इथून बारावी होऊन मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोव्याला जाणारी आपली मुले विद्यापीठाच्या ग्रंथालयातून काय घेऊन येतात?

विद्यापीठाच्या वाचनकक्षात आज जागा मिळत नाही. पण टेबलांवर नजर टाकली तर बहुतेकांपुढे स्वतःच्या नोट्स आणि परीक्षेची गाइडे दिसतात, कपाटातले पुस्तक क्वचितच. एका खोलीत चौघांत राहणाऱ्या मुलाला शांत खुर्ची आणि पंखा हवा असतो, हे मला पुरते समजते. ती खुर्ची त्याच्या हक्काचीच आहे. पण मागच्या कपाटांवरही त्याचा तेवढाच हक्क आहे आणि तो बजावायचा कसा, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

त्या हक्काचे मोल समजायला जरा मागे जाऊ. आपल्या मालवणात १८३७ साली जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत होते. तेव्हा विद्यापीठाला ग्रंथालयाची इमारतसुद्धा नव्हती. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ती राजाबाई टॉवरसह १८७८ मध्ये पुरी झाली. पुढे भांडारकर त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सरकारसाठी त्यांनी संस्कृत हस्तलिखितांचा शोध घेतला, गावोगावच्या पोथ्यांची नोंद केली आणि अखेर स्वतःचा ग्रंथसंग्रह पुण्यात १९१७ मध्ये त्यांच्या नावाने निघालेल्या संस्थेला दिला. त्याच संस्थेत शेकडो पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. भांडारकरांच्या पिढीला साधने शोधत हिंडावे लागले. आपल्या मुलांना ती एका ओळखपत्रावर मिळतात.

ती मिळवायची कशी, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, तुमच्यापैकी कुणाला मालवणच्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून होणाऱ्या मासेमारीवर, प्रकल्प करायचा आहे. तुम्ही संगणकावरच्या तालिकेत ‘सिंधुदुर्ग’ टाकता, फारसे काही हाती लागत नाही आणि ‘यावर पुस्तकेच नाहीत’ असे म्हणून उठता. पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधीचे बहुतेक ‘रत्नागिरी’खाली शोधायला हवे, काही ‘सावंतवाडी संस्थाना’खाली. इंग्रजी पुस्तकांत गावांच्या नावांची स्पेलिंगेही दोन-तीन तऱ्हांची असतात, तीही टाकून पाहावी लागतात. असे शोधले की मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड सापडतो. १८८० सालचा हा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीवर आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेला असल्यामुळे त्यातली माहिती ताडून घ्यावी लागते, पण सुरुवातीला तो भक्कम आधार आहे.

मग पुस्तकाचा वर्गांक टिपून कपाटापाशी जा. जे हवे ते काढलेत की तिथेच थांबून डावी-उजवीकडची पुस्तके चाळा. एका विषयाची पुस्तके वर्गांकामुळे शेजारी शेजारी लागलेली असतात. तुम्हाला ठाऊकही नसलेले पुस्तक तिथे भेटते. त्यानंतर नियतकालिकांचे जुने बांधीव खंड पाहा आणि मग प्रबंध विभागात जा. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे कुणीतरी चार-पाच वर्षे राबून तुमच्यासाठी केलेली यादी असते. अनेक प्रबंध आता ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर घरबसल्या, विनामूल्य वाचता येतात. टिपण काढताना लेखक, प्रकाशक, वर्ष, पान आणि वर्गांक आधी लिहा, मजकूर नंतर. एवढे झाले की किनाऱ्यावर जाऊन रापणकारांशी बोला. तेव्हा काय विचारायचे, हे तुम्हाला नेमके कळलेले असेल.

आपली मुले बुजतात, हा मोठा अडसर आहे. देवघेवीच्या काउंटरपाशी जायचे, पुस्तक नाही म्हटले की परतायचे. असे करू नका. संदर्भ विभागातल्या ग्रंथपालांना गाठा. ‘कोकणावर काही आहे का?’ असे मोघम विचारू नका. ‘यांत्रिक बोटी येण्यापूर्वीची मालवणची मासेमारी कशात सापडेल?’ असे विचारा. प्रश्न नेमका असेल तर उत्तरही नेमके मिळते. वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कामच आहे, असे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या पाच सूत्रांत सांगून ठेवले. पुस्तक तिथे नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येईल का, तेही विचारा. आणि जी मुले जिल्ह्यातच शिकतात, त्यांनी स्वतःला दूरचे समजू नये. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयाचा विद्यार्थी हा त्या विद्यापीठाचाच विद्यार्थी आहे. मुंबईला जाणे होईल तेव्हा प्राचार्यांचे पत्र घेऊन जा आणि तिथे बसून वाचण्याची परवानगी मागा.

ग्रंथालय कार्यकर्त्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. ही सवय विद्यापीठात गेल्यावर लागत नाही, ती इथेच लावावी लागते. आपले वाचनालय लहान असेल, पण तालिका कशी पाहावी, वर्गांक कसा वाचावा, सूचीवरून पुस्तक कसे गाठावे, हे शिकवायला चार कपाटे पुरतात. अकरावी-बारावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास बोलवा. त्यांना आपल्याच गावाविषयी एक प्रश्न द्या आणि उत्तर कोणत्या पुस्तकाच्या कितव्या पानावर मिळाले, ते लिहून आणायला सांगा.

हा उपक्रम येत्या जूनपासून प्रत्येक वाचनालयाने सुरू करावा, असा ठराव आजच्या खुल्या अधिवेशनात मांडावा, अशी मी सूचना करतो. तो मंजूर करून आपण कामाला लागाल, असा मला विश्वास आहे.