कचारगडची वाट

मी गोंदियात राहते आणि सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. रोज सकाळी डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर धरायची. आमगाव मागे पडले की खिडकीतून डोंगर दिसू लागतात. मी सालेकशाला उतरते. गाडी पुढे दरेकसा, मग बोगदा आणि मग छत्तीसगडात जाते. दरेकशाच्या बाजूला डोंगरात कचारगडच्या गुहा आहेत.

हा मार्ग माझ्या माहेरी फार आदराने सांगितला जायचा. माझे माहेर नगरचे, ख्रिस्ती. 1893 मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी चालले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी गप्पा झाल्या, संस्कृत काव्याच्या. उतरताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला. गाडी याच डोंगरातून गेली असणार, दुसरा रस्ताच नव्हता. टिळक ते पुस्तक रोज थोडे थोडे वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माझे वडील ही गोष्ट अशी सांगत, की जणू पुढच्या स्टेशनवर आम्हालाही कुणी पुस्तक देणार आहे!

मला मात्र या रुळांवर बरीच वर्षे काहीच मिळाले नाही. 2019 मध्ये यजमानांना पक्षाघात झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. चर्चमध्ये पेटीवर बसून ‘उपासना संगीत’मधली गाणी म्हणणारा हा माणूस, त्याला पाणी मागता येईना. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि भलताच बाहेर पडायचा. पहाटे चारला उठून त्यांचे सगळे उरकायचे, डबा करायचा, शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायची आणि गाडीमागे धावायचे. संध्याकाळी व्यायाम, औषधे, बिलांची फाइल. भेटायला येणारे म्हणत, देव आपल्या माणसांची परीक्षा पाहतो. मी मान डोलवायची. खरे सांगते, तेव्हा माझी प्रार्थना बंद पडली होती. रविवारी चर्चला जायची ती न गेल्यास लोक विचारतील म्हणून.

त्या दिवसांत मी गाडीत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचायला घेतली. लहानपणी आम्ही त्यातल्या गमतीजमतींवर हसायचो. आता दुसरेच दिसले. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा या बाईंवर आकाश कोसळले. त्या सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या. मग नगरला नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे सांभाळत. आणि एके दिवशी त्यांना स्वतःलाच वाटले, की ही जातपात माणसाने केलेली आहे. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. 1900 मध्ये बाप्तिस्मा. रुसणे, भांडणे, रोजचा स्वयंपाक आणि त्यातून हळूहळू विश्वास. आम्ही घरात टिळकांच्या गाडीची गोष्ट सांगत आलो. लक्ष्मीबाईंच्या पाच वर्षांची कुणी सांगितली नाही, हे मला जरा चुकलेच वाटते. मला तेव्हा ती जास्त उपयोगी पडली. देवावर रुसलेली बाई देवाच्या घराबाहेर गेलेली नसते, एवढे तरी कळले.

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई गोंड समाजाच्या आहेत. नवरा लवकर गेला, दोन मुले त्यांनी एकटीने वाढवली. 2023 च्या माघ पौर्णिमेला त्या म्हणाल्या, “मॅडम, यंदा कचारगडले चाला.” पौर्णिमा रविवारी आली होती, 5 फेब्रुवारी. नणंद घरी आली होती. मी उपासना चुकवून जत्रेला गेले.

दरेकशाला गाडी जवळजवळ रिकामी झाली. पिवळे गमछे, पिवळे फेटे, ढोल, ‘जय सेवा’चा घोष. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसे आली होती. गोंड समाजाचे हे मूळ ठाणे. चढणीवर माझा दम गेला. मी सारखी वर बघत होते, अजून किती राहिले म्हणून. ताई म्हणाल्या, “वर नोका पाहू मॅडम. पायाखाली पाहा.”

गुहेपाशी त्यांनी मला त्यांची कथा सांगितली. कली कंकालीची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली, तोंडावर भली मोठी शिळा. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने आपल्या संगीताच्या बळावर ती शिळा हलवली. मुले बाहेर आली आणि तो स्वतः शिळेखाली चिरडला गेला. ही त्यांची कथा आहे, त्यांच्या धर्माची, पारी कुपार लिंगोंच्या परंपरेची. तिला माझ्या धर्माचा अर्थ चिकटवायचा मला अधिकार नाही. पण मी वाढले ती ईस्टरच्या पहाटे धोंड लोटलेल्या कबरीची गोष्ट ऐकत. त्या गुहेच्या तोंडाशी उभी असताना मला ती आठवणार नाही, असे कसे होईल? मी डोळे मिटले. किती महिन्यांनी कोण जाणे, प्रार्थना झाली. यजमान बरे होऊ देत, असे मागितले नाही. उद्याची गाडी मिळू दे, एवढेच मागितले. शेजारी ताई त्यांच्या देवाला हात जोडून उभ्या होत्या. उतरताना आम्ही दोघींनी मिळून एक पाव भजी खाल्ली.

घरी आल्यावर मी पेटी काढली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलाने पूर्वीच सांगितले होते, की बोलणे गेलेल्याला कधीकधी गाता येते, सूर धरला की शब्द सापडतात. मी ते मनावर घेतले नव्हते. पेटी बंद पाहणे मला सोपे वाटायचे.

आता आमची पेटी दोघांत चालते. त्यांचा डावा हात चांगला आहे, ते भाता मारतात. स्वर मी शोधते, एका बोटाने, अजूनही अडखळत. टिळकांच्या एखाद्या गीताचा अर्धा चरण त्यांच्या तोंडून नीट येतो, कधी येत नाही. माझा स्वर चुकला तर ते भाता थांबवतात आणि माझ्याकडे रोखून पाहतात. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.